मिरीचे सात टोले

९ जानेवारी

भिंगरीस आईचा सलाम.

प्रभूचा सलाम वेगळा सांगत नाही. त्याच्या नावानं तुला जे ऐकवलं गेलं, त्यानंतर त्याला मध्ये घालायची मला लाज वाटते. तो समजून घेईल. तू घेशील का, ते बघायचं.

मी जिवंत आहे. हे आधी सांगते, कारण बावीस वर्षांनी आईचं पाकीट आलं की कुणालाही वाटेल, गेली वाटतं म्हातारी. नाही गेले. गुडघे गेले, वरचे दात गेले, उजवा खांदा निम्मा गेला. बाकीची मी इथंच आहे, चर्चच्या मागच्या वृद्धाश्रमात, बायकांच्या बाजूला, खिडकीजवळच्या खाटेवर. खिडकीतून घंटेचा मनोरा दिसतो. एवढी वर्षं घंटा वाजवली म्हणून मला ही जागा मुद्दाम दिली म्हणे. चांगलं मन असलं की माणसं अशा चुका करतात.

तुझा पत्ता तुझ्या त्या ड्रायव्हरच्या बहिणीकडून मिळवला. बाजारात मला बघून तोंड फिरवून चालली होती. मी तिच्या पिशवीत काठी अडकवली. तिनं आधी शिव्या दिल्या, मग पत्ता दिला. दोन्ही गोष्टी मुकाट्यानं घेतल्या.

आता गंमत ऐक. मी अंगठेबहाद्दर, हे तुला ठाऊक आहे. मग हे लिहितंय कोण? ओळख पाहू. सात जन्मांत ओळखणार नाहीस. थोरले साहेब लिहितायत. हो, तेच, आपले जुने पाळकसाहेब. त्यांची बायको गेली, मुलं लांब गेली, आणि साहेब आले पुरुषांच्या बाजूला, दारालगतच्या खाटेवर. आता एकाच व्हरांड्यात आम्ही ऊन खातो आणि एकाच बाटलीतलं खोकल्याचं औषध पितो. त्यांचा हात थरथरतो, पण अक्षर अजून मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणतात. मला मोती काय नि मुंग्या काय, कागदावर सगळं सारखंच.

इथं त्यांचा हात थांबलाय. लिहा साहेब. मी जन्मभर तुमचं ऐकलं, तुम्ही पत्रभर माझं ऐका.

कामाचं सांगते. आपल्या घंटेला तडा गेलाय. अठ्ठावीस फेब्रुवारीला ती उतरवणार आणि मनोऱ्यावर कर्णा बसवणार. घंटेचा आवाज यंत्रात भरून आणलाय. कुठल्या घंटेचा, कुणी वाजवलेली, देव जाणे. बटण दाबलं की वाजते. तिचा खांदा दुखत नाही.

तुझी मिरी गेली तेव्हा तिच्या वयाचे सात टोले द्यायचे होते. ते माझ्याकडून राहिले. घंटा उतरायच्या आत तू ये. मी वाजवते, तू खाली उभी राहून ऐक. तेवढंच. चहाला थांबू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. ऐकून जा.

आई


२७ जानेवारी

भिंगरी,

उत्तर नाही आलं. येईल असं मी धरलंही नव्हतं. फक्त टपालवाला फाटकाशी आला की माझी मान आपोआप वळते. जुनी मान आहे, तिला कोण समजावणार.

मागचं पत्र पेटीत टाकण्याआधी मी आमच्या स्वयंपाकीणबाईंकडून वाचून घेतलं होतं. मला अक्षर कळत नाही, माणूस कळतो. साहेबांनी ‘लाज वाटते’च्या जागी ‘संकोच वाटतो’ लिहिलं होतं. खोडायला लावलं. संकोच पाहुण्यांसमोर वाटतो, म्हटलं. लेकीसमोर लाजच वाटते.

आज त्या दिवसाचं सांगते. तुला ते सांगायची गरज नाही, तू तिथंच होतीस. पण साहेब नव्हते, आणि त्यांनी ते एकदा आपल्या हातानं लिहावं अशी माझी इच्छा आहे.

दुपार होती. मी घंटेच्या चाकाला तेल घालून नुकती खाली उतरले होते. तू दारात आलीस. पायांत चपला नव्हत्या. तू म्हणालीस, “आई, मिरी गेली.” आणि मग म्हणालीस, “सातच टोले, आई. फार नाहीत.”

माझी मोजायची रीत तुला माहीत. अंकांचं नि माझं कधी पटलं नाही, म्हणून एप्रनचे दोन खिसे. मेलेल्या माणसाचं जेवढं वय, तेवढे सुके वाटाणे डाव्या खिशात. एक टोला दिला की एक वाटाणा उजव्या खिशात. डावा रिकामा, की माणूस पुरं झालं. नव्वदीच्या म्हाताऱ्याला डाव्या बाजूनं मी वाकडी चालायचे. मिरीला सात. तू उभी होतीस तेव्हाच मी डब्यातून सात वाटाणे काढून खिशात टाकले. हे तू पाहिलंस. म्हणजे वाजवायचं माझ्या मनात होतं. एवढं तरी माझ्या बाजूला लिही... लिहा.

मग मी म्हणाले, “थांब, साहेबांना विचारून येते.”

साहेब, तुम्ही काय म्हणालात ते तुमच्या शब्दांत लिहा. हे म्हणतात, ‘मंडळीच्या नियमानुसार नकार देण्यात आला.’ देण्यात आला म्हणजे कुणी दिला? शेजारच्या बोकडानं? नीट लिहा. “मी नाही म्हणालो.” हां. “आई मंडळीबाहेर काढलेली, लग्नाशिवाय परक्या बाईच्या नवऱ्याबरोबर राहते, मुलीचा बाप्तिस्मा नाही, म्हणून मी नाही म्हणालो.” आता बरोबर.

मी परत आले नि तुला सांगितलं, “नाही म्हणाले.”

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “मी त्यांना विचारलं नव्हतं, आई.”

मग तू गेलीस. मी दोर खुंटीला गुंडाळून ठेवला, नीट, रोजच्यासारखा.

पुढचं तुला माहीत नाही. त्या रविवारी साहेबांचा उपदेश होता, आज्ञापालन हीच खऱ्या विश्वासाची खूण. तोंडानं प्रभू प्रभू म्हणणारे पुष्कळ, सांगितलेलं करणारे थोडे. शब्द खरा होता, आजही खराच आहे. पण मग त्यांनी व्यासपीठावरून माझ्याकडे हात केला. म्हणाले, या आपल्या घंटेवाल्या बाईकडे बघा. रक्ताचं नातं समोर उभं राहिलं, तरी हिनं आज्ञा मोडली नाही.

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. आणि पोरी, मला बरं वाटलं. माझी पाठ ताठ झाली. तुझी लेक तीन दिवसांमागं मातीत गेलेली, आणि मी कौतुकानं बसले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांनाही आत्ताच कळतंय, त्यांची टोपी बघ कशी पुढं आलीय.

आई


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

आज मोठं काही सांगायचं नाही. जे आहे ते वाईट आहे, लवकर सांगून टाकते.

परवा मी साहेबांना विचारलं, त्या दिवशी तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं? ते बराच वेळ औषधाच्या बाटलीचं बूच फिरवत राहिले. म्हणाले, “बाई, मला द्यावेसे वाटत होते. पण मी वरिष्ठांना विचारलं. ते नाही म्हणाले.” म्हटलं, म्हणजे मी तुम्हाला विचारलं, तुम्ही त्यांना, त्यांनी आणखी कुणाला. असे वर वर विचारत गेलो असतो तर शेवटी देवापाशी पोचलो असतो की. तेवढं वर कुणीच गेलं नाही. दोन जिने चढून सगळ्यांचे पाय दुखले.

देवाचं उत्तर तर मला पाठ होतं, हीच खरी मेख. वाचता येत नसलं तरी ऐकलेलं मी विसरत नाही. लेकरांना माझ्याकडे येऊ द्या, अडवू नका, हे त्यानं सांगून ठेवलेलं. त्यात बाप्तिस्म्याचं नाही, लग्नाचं नाही. त्या दुपारी मला लागू पडणारी आज्ञा तेवढी एकच होती, आणि तीच मी मोडली. मी आज्ञाधारक नव्हते, पोरी. मी भित्री होते. भीती पाळायला सोपी, मांजरासारखी पायाशी बसून राहते. लोकांना लांबून तो विश्वास दिसतो.

तुला लहानपणी दोन मुलांचा दाखला सांगायचे, आठवतो? बाप म्हणाला मळ्यात जा. एक म्हणाला जात नाही, नि नंतर गेला. दुसरा म्हणाला जातो बाबा, नि गेलाच नाही. तू विचारायचीस, “आई, मी यातली कुठली?” मी म्हणायचे, “तू नाही म्हणणारी.” पण मी स्वतः कुठली, हे मी कधी विचारलं नाही.

तर ठरवलं, तुझं उत्तर येवो न येवो, कुणालाही न विचारता जाऊन सात टोले द्यायचे. काल सकाळी नाश्त्यानंतर एप्रन घातला. सात वाटाणे डाव्या खिशात. ते तेच नव्हेत. पहिल्यांना कीड लागली, मग दुसरे, मग तिसरे. दर एक-दोन वर्षांनी बदलत आले. पण सातच. मनोऱ्याच्या खोलीची किल्ली अजून त्याच खिळ्याला आहे. दोर बघून खांद्याला आधीच कळ आली. दोराला हात घातला.

तेवढ्यात दारात धाकटे साहेब. आत्ताचे पाळक. चांगला मुलगा आहे, आम्हा सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणतो. म्हणाला, “आजी, इकडं कुठं?”

‘काही नाही’ म्हणायचं होतं. किंवा काही न बोलता दोर ओढायचा होता. एकदा ओढला असता तर पुढचे सहा कोण थांबवणार होतं? आणि माझ्या तोंडून काय निघावं?

“साहेब, वाजवू का?”

विचारलं मी. पुन्हा. बावीस वर्षं ज्या एका प्रश्नानं मला खाल्लं, तोच जिभेनं उचलून दिला.

तो म्हणाला, “अहो नको, तडा गेलाय, डोक्यावर पडली तर? मी कमिटीला विचारतो हं.” अगदी मायेनं बोलला. माझा हात धरून व्हरांड्यापर्यंत सोडायला आला.

आणि मी आले, भिंगरी. हात धरून आले.

आई


३ मार्च

भिंगरी,

हे पत्र स्वयंपाकीणबाई लिहितायत. त्यांच्या अक्षराला मोती वगैरे कुणी म्हणत नाही. त्या म्हणतात, घाईत चिरलेल्या कांद्यासारखं आहे. चालेल.

माझी तिन्ही पत्रं एकदमच परत आली. दोऱ्यानं बांधलेली, न उघडलेली. वर शिक्का. मी साहेबांना विचारलं, काय लिहिलंय? म्हणाले, “पत्ता सापडला नाही.” मी गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात गेले. बाईंनी हात पुसून वाचलं, “घेण्यास नकार.”

परत व्हरांड्यात आले. म्हटलं, साहेब, या वयात खोटं? ते म्हणाले, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.” म्हटलं, उलटं वाटलं. पत्ता सापडला नाही म्हणजे माझी लेक हरवली. नकार म्हणजे ती आहे. दारापर्यंत आली, पाकीट हातात घेतलं, बघितलं आणि नको म्हणाली. तीन वेळा. बावीस वर्षांत तुझी एवढी बातमी मला मिळाली नव्हती.

पण बाई म्हणाल्या, “आजी, पाकिटावर पत्ता कुणी घातला होता?”

साहेबांनीच.

“मग तिनं कसं घ्यावं? अक्षर ओळखीचं असतं हो. माणसाचा चेहरा असतो तसं. वाचायच्या आधीच कळतं कुणाचं ते.”

मी तिथंच पाटावर बसले. तुला मंडळीबाहेर काढल्याचा कागद चर्चच्या दाराला तीन रविवार लावलेला होता. तो यांनीच हातानं लिहिलेला. तू तो वाचला होतास, मी नव्हता. मला वाटलं, आत काय सांगायचं ते मी सांगतेय, म्हणजे पत्र माझं. पाकीट बाहेरून दुसऱ्याचं दिसतं, हे मला कोण सांगणार? मी तर मजा करत होते गं. म्हाताऱ्याला राबवते, त्याच्याच हातानं त्याचं लिहून घेते, म्हणून मनात खूश होते. आणि तीनदा तुझ्या दारात तोच कागद पाठवत होते.

अठ्ठावीसला घंटा उतरली. चारजण आणि एक साखळी. आता अंगणात भिंतीशी आडवी पडलीय, तोंड जमिनीत. भंगारवाल्याचा ट्रक या महिन्यात कधीतरी येईल. कर्णा वाजतो. वेळेवर वाजतो, त्यात खोट नाही. बायका म्हणतात आवाज गोड आहे.

सात टोल्यांचं बोलावणं मी मागं घेते. आता तू फक्त हे पाकीट उघड. आत मी आहे, दुसरं कुणी नाही. बाई आहेत, पण त्या आत्ताच म्हणाल्या, माझं नाव घालू नका, दूध उतू जातंय.

जावयांना सलाम. हो, जावयांना. उशिरा म्हटलं, पण म्हटलं.

आई


२४ मार्च

भिंगरी,

हे पुन्हा थोरल्या साहेबांच्या हातचं आहे. आता अक्षराची भीती नाही. का, ते शेवटी सांगते.

बाईंनी लिहिलेलं पाकीट परत आलं. या वेळी शिक्का वेगळा. साहेबांनी वाचला, “येथे राहत नाही.” मी बाईंकडून वाचून घेतला, त्याही तेच म्हणाल्या. दोघांनी एकच वाचलं, म्हणजे खरं असणार.

मग काठी घेऊन जावयांच्या बहिणीकडे गेले. तिनं या वेळी शिव्या दिल्या नाहीत. तेव्हाच मी ओळखलं की काही उरलेलं नाही. आत बोलावून पाणी दिलं आणि म्हणाली, “त्यांनी घर बदललं. तिसरं पत्र आलं त्याच आठवड्यात. नवा पत्ता द्यायचा नाही, अशी तिनं मला शपथ घातलीय. आणि म्हणाली, तिला सांग, आता लिहू नकोस.”

मी विचारलं, “अजून काही म्हणाली?”

“नाही. एवढंच.”

काल सकाळी ट्रक आला. मी स्वयंपाकघरातून बत्ता उचलला. बाईंनी पाहिलं आणि त्या पुन्हा कांदा चिरायला लागल्या. अंगणात धाकटे साहेब कागदावर सही करत उभे होते. मी त्यांच्यासमोरून गेले. कुणाला काही विचारलं नाही. त्यानं तोंड उघडलं, पण थोरले साहेब व्हरांड्यातून म्हणाले, “राहू दे रे.” एवढा मोठा आवाज त्यांच्यात अजून आहे हे मला माहीत नव्हतं.

बत्ता मारला. पोरी, जमिनीवर पडलेली, तडा गेलेली घंटा वाजत नाही. ठण् होत नाही, ठक् होतं. बंद दारावर थाप मारल्यासारखं. ट्रकवाले हसले. मी वाटाणा या खिशातून त्या खिशात टाकला आणि दुसरी थाप मारली. सातही मारल्या. चौथीनंतर खांदा गेला, मग डाव्या हातानं. आतून कुणी विचारलं नाही, कोण आहे म्हणून.

मग त्यांनी ती उचलून नेली.

हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. बावीस वर्षांपूर्वी ती सात वर्षांची पोर होती आणि घंटा वर होती. करायचं ते तेव्हा केलं तरच ते ऐकणं असतं. नंतर केलं तर नुसता आवाज.

दुपारी साहेबांना म्हटलं, तुम्हाला तुमच्याकडून काही लिहायचं असेल तर दोन ओळी लिहा. मी मध्ये बोलणार नाही. लेखणी धरून बसले. ऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. मग म्हणाले, “नको बाई. तिला मी एकदा लिहिलंय.”

तर आता हे पत्र. तू सांगितलंस लिहू नकोस. तू मला काही करायला सांगितलंस आणि जन्मात पहिल्यांदा मी ते करणार आहे. कुणाला विचारणार नाही. हे एवढं शेवटचं लिहून घेतलं ते पाठवायला नव्हे, म्हणून मोडलं असं धरू नकोस. पेटीत टाकणार नाही. पत्ताही नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. हे मात्र मी सांगतेय म्हणून खरं मानायचं. मी कितपत ऐकणारी आहे, ते तुला माहीत आहेच.

एप्रन अजून अंगावर आहे. साहेब घडी घालून देतील. डावा खिसा काल रिकामा झाला, तिथं ठेवते. डाव्या खिशात असलं म्हणजे अजून राहिलेलं असतं. एवढं मला वाचता येतं.

आई